साळावलीला जावे काय?

कुलदेवतेच्या दर्शनासाठी बेळगाव, हुबळी, इंदूर, बडोदे अशा ठिकाणांहून गोमंतकात येणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. एके दिवशी अभिषेक, दुसऱ्या दिवशी महानैवेद्य आणि प्रसादाचे भोजन, मधल्या वेळात आप्तेष्टांच्या भेटी. एवढे सारे यथासांग पार पडूनही पुष्कळदा एक दिवस शिल्लक उरतो. मग अग्रशाळेच्या ओसरीवर रात्रीच्या जेवणानंतर त्या उरलेल्या दिवसाची वाटणी सुरू होते. तरुणांना समुद्र हवा असतो, मुलांना दूधसागर, आणि वडीलधाऱ्यांना आणखी एखादे देऊळ. अलीकडे या यादीत साळावलीच्या जलाशयाचे नाव ऐकू येऊ लागले आहे. आम्ही बेळगावकडचे असूनही दोनदा तेथे जाऊन आलो आहोत, हे ज्यांना ठाऊक आहे ते आम्हांस हटकून विचारतात, ‘त्या तळ्यासाठी एक अख्खा दिवस खर्च करावा असे तेथे आहे तरी काय?’ प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणे आम्हांस आजवर जमलेले नाही. म्हणून दोन्ही बाजू येथे मांडून ठेवतो.

प्रथम विरुद्ध बाजू, कारण ती दुबळी नाही. साळावली सांगे तालुक्यात आहे, आणि गोव्याला येणाऱ्या पाहुण्याची पावले सहसा जिकडे वळतात त्या दिशेला पाठ करून जावे लागते. फोंड्याच्या देवळांपासून स्वतःचे वाहन असले तर तास-दीड तासाची वाट. मडगावहून साधारण तेवढीच. आगगाडीने यायचे तर सावर्डे-कुडचडे हे स्थानक, आणि पुढे सांगे गाव, त्याच्याही पलीकडे पाचेक किलोमीटरवर धरण. बेळगावहून एका दिवसात जाऊन परत यायचे म्हटले, तर अनमोड घाट दोनदा पार करावा लागतो, आणि दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. जलाशयाच्या काठी पुराणप्रसिद्ध तीर्थ नाही, स्नानाचे माहात्म्य नाही, परंपरेने चालत आलेली यात्रा नाही. मुळात हे सरोवर ईश्वरनिर्मित नव्हेच. गेल्या शतकात सरकारने नदी अडवून केलेले ते पाणी. पाणीच पाहायचे तर मिरामार आणि कोलवा जवळ आहेत, शिवाय तेथे नारळपाणीही मिळते, असे आमच्या एका ज्येष्ठ नातलगांचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही खोडून काढू शकलो नाही.

आता दुसरी बाजू. साळावली ही जुवारीला मिळणारी एक उपनदी. तिच्यावरचे धरण माती आणि दगडी बांधकाम यांचे मिश्र आहे. उंची सुमारे 42.5 मीटर, लांबी सुमारे एक किलोमीटर. मागचा साठा सुमारे 234 दशलक्ष घनमीटर, आणि हे पाणी सुमारे 209 चौरस किलोमीटर रानामाळावर पडणाऱ्या पावसातून गोळा होते. आकडे वाचून मनात चित्र उभे राहत नाही हे खरे. ते जुलैच्या सुमारास धरणावर उभे राहिल्यावर राहते. या धरणाच्या सांडव्याला दरवाजे नाहीत. बदकाच्या चोचीच्या आकाराचा एक प्रचंड काँक्रीटचा कठडा पाण्यात पुढे गेलेला आहे. तळे भरले की पाणी कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता तिन्ही बाजूंनी त्या कठड्यावरून ओसंडते, आणि मधल्या खोल पोकळीत कोसळून खालच्या मार्गाने नदीला मिळते. एरवी धबधबा आपण खालून पाहतो. येथे तो वरून, त्याच्या ओठाशी उभे राहून पाहता येतो. संथ पसरलेले पाणी एका रेषेपाशी येऊन एकाएकी पांढरे होते आणि नाहीसे होते. गर्जना इतकी की शेजारच्या माणसाशी बोलणे खुंटते. आमच्या पहिल्या भेटीत आम्ही हे पाहिले, आणि पंधरा मिनिटांत आमचे पाहणे संपले. या पंधरा मिनिटांसाठी दिवस खर्चावा काय, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर ‘ज्याची त्याची हौस’ एवढेच राहील.

परंतु साळावलीला दुसराही एक ऋतू आहे. पावसाळ्यात भरलेला हा साठा हिवाळाभर आणि उन्हाळाभर नळांतून आणि कालव्यांतून खाली जात राहतो. एप्रिल सरता सरता तळ्याचा वरचा भाग उघडा पडू लागतो, आणि मे महिन्यात, पाणी पुरेसे उतरले तर, तेथे एक गाव वर येते. त्याचे नाव कुर्डी. भातशेतीचे, नारळीपोफळींचे, आंब्याफणसांचे हे गाव; सुमारे 3000 लोकवस्तीचे. त्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमानही होते. 1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतर, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, धरणाची कल्पना गावकऱ्यांना सांगण्यात आली. दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, तुम्हांला दुसरीकडे जागा मिळेल, असा त्या सांगण्याचा आशय होता. गावकरी वाडे आणि वालकिणी येथे हलविले गेले, आणि 1986 साली कुर्डी पाण्याखाली गेली.

ज्यांना संगीताची आवड आहे त्यांना हे नाव अपरिचित नाही. जयपूर घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 साली याच गावी झाला. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांनी कोणत्या कष्टांनी मिळविली, आणि ती विद्या किशोरी आमोणकर यांच्यासारख्या कन्येच्या हाती कशी सोपविली, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा कुर्डी अजून कोरडी होती. 2001 साली त्या निवर्तल्या, तेव्हा गावाला पाण्याखाली जाऊन पंधरा वर्षे झाली होती. आज हे गावनाव मुंबईपुण्याच्या गायनसभांतून जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके ते सांगे तालुक्याच्या वाटेवरही उच्चारले जात नसेल.

आमची दुसरी भेट मे महिन्यात झाली. रस्ता संपला तेथून पुढे भेगाळलेली मऊ माती, आणि त्या मातीतून वर आलेले झाडांचे काळे बुंधे. घरांच्या भिंती उरलेल्या नाहीत. जांभ्या दगडाची जोती मात्र आहेत. कोठे विहिरीचे गोल तोंड, कोठे पाण्याचा पाट. उजाड म्हणावे तर माणसे पुष्कळ होती. एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवंडांना घेऊन आले होते. आम्ही परके म्हणून त्यांनी आमची विचारपूस केली, गाव, कुलदेवता विचारून घेतली, आणि एका जोत्याशी आम्हांस नेले. तीन पायऱ्या, वर गुडघाभर उंचीचा चौथरा, त्यावर वाळलेला चिखल. आम्ही पायरीवर पाय ठेवणार तोच ते म्हणाले, ‘भितर सरात, पूण व्हाणो भायर काडात.’ त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती. आम्ही वहाणा काढल्या. त्यांनी ओसरी दाखविली, देवाची खोली दाखविली, आई कोठे बसून तांदूळ निवडीत असे ती जागा दाखविली. नातवंडे कंटाळून शेजारच्या जोत्यावर उड्या मारीत होती, आणि त्यांना कोणी रागावत नव्हते.

वकिली व्यवसायात भूसंपादनाची प्रकरणे आमच्या हातून पुष्कळ गेली आहेत. त्या काळी संपादन होई ते 1894 च्या कायद्याने. त्यात जमिनीचा बाजारभाव, उभी झाडे, घर, पीक अशा एकेका गोष्टीचे मोल ठरविण्याची रीत दिलेली आहे. त्याच कायद्याच्या 23 व्या कलमात आणखी एक तरतूद होती. मालकाची इच्छा नसता, सक्तीने, मिळकत घेतली जाते, म्हणून बाजारभावावर शेकडा 15 अधिक द्यावेत, अशी ती तरतूद. तिला वकीलमंडळी सोलेशियम म्हणतात, सरकारी मराठीत दिलासा रक्कम. 1984 च्या दुरुस्तीने ती शेकडा 30 झाली, आणि 1 जानेवारी 2014 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने शेकडा 100. म्हणजे मालमत्तेच्या मोलापलीकडेही माणसाचे काही हिरावले जाते, हे कायद्याने प्रथमपासूनच मानलेले आहे. त्याचे प्रमाण किती, याबद्दल मात्र त्याचे मत शंभराहून अधिक वर्षांत दोनदा बदलले. त्या चौथऱ्यावर अनवाणी उभे असताना हे कलम आम्हांस आठवले. देवाची खोली कोठे होती हे दाखविणाऱ्या बोटाला शेकडा किती, हे ठरविणारा हिशेबनीस अजून जन्मलेला नाही. तथापि, कायद्याने निदान एक रक्कम त्या दुःखाच्या नावे लिहिली, आणि ते दुःख आहे हे मान्य केले, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

माणसांबरोबर देवही उठले. कुर्डीचे शेकडो वर्षांचे महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून हलविण्यात आले, आणि धरणाच्या परिसरात पुन्हा उभे करण्यात आले. तेथलीच जांभ्या दगडात कोरलेली, माणसाहून उंच अशी मातृदेवतेची प्राचीन प्रतिमा वेर्ण्याला, म्हाळसेच्या जुन्या स्थानी नेण्यात आली. सोमेश्वर मात्र गावातच राहिला. वर्षाचे बहुतेक महिने तो पाण्याखाली असतो. मे महिन्यात पाणी उतरले की जुने गावकरी जमतात आणि त्याचा उत्सव करतात. ख्रिस्ती गावकरीही आपल्या प्रार्थनास्थळाचे फेस्त तेथेच येऊन साजरे करतात. मग जूनमध्ये पाऊस लागतो.

आपल्या धर्मशास्त्राप्रमाणेच आपल्या न्यायालयांतही प्रतिष्ठापित देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. ती मिळकत धारण करू शकते, दावा लावू शकते. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या एका घराण्याचा दावा गेला होता. घरच्या देवाची मूर्ती पूजेची पाळी असलेल्याने आपल्या बिऱ्हाडी न्यावी किंवा नाही, एवढाच त्यातला वाद. न्यायमूर्तींनी सांगितले की, मूर्ती ही हवी तिकडे हलवावी अशी जंगम वस्तू नव्हे. कोठे राहावे याबद्दल देवतेच्याही इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी कोणत्याही पक्षाचा नसलेला प्रतिनिधी नेमला पाहिजे. साहेबाच्या न्यायासनावरून आलेले हे शब्द आम्ही विद्यार्थिदशेत वाचले तेव्हा आम्हांस त्यांचे कौतुक वाटले होते. भावाभावांच्या भांडणात ते पुरेसे आहेत. पण एका बाजूला देऊळ आणि दुसऱ्या बाजूला चार तालुक्यांची तहान असेल, तेव्हा तो तिऱ्हाईत प्रतिनिधी आणावा कोठून? पाणी तर सर्वांनाच हवे असते.

येथे आमच्या वाचकांना एक जुनी गोष्ट सहजच आठवेल. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा. 1560 साली तो प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला आली. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्याला आली. ज्या देवळांच्या अग्रशाळांत आपण उतरतो ती देवळे मुळात आश्रयाला आलेल्या देवांची आहेत, आणि आपण त्यांच्यामागून चालत गेलेल्यांचे वंशज आहोत. परंतु त्या स्थलांतरात आणि कुर्डीच्या स्थलांतरात एक मोठा भेद आहे. तेव्हा अन्याय करणारा समोर उभा होता. त्याचे नाव घेता येत होते, त्याच्यावर राग धरता येत होता, आणि तो राग चारशे वर्षे पुरला. कुर्डीच्या बाबतीत राज्य आपले होते, हेतू सार्वजनिक होता, आणि तो खोटाही नव्हता. मडगावचा, मुरगावचा, केपेचा नळ सोडला की साळावलीचे पाणी येते. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला दुसरा एवढा आधार नाही. कोणावर रागवावे? ज्या दुःखाला शत्रू नसतो ते सांगणे कठीण असते, आणि लोकही त्याला लवकर विसरतात. कुर्डीकर ते मे महिन्यात वहाणा काढून सांगतात, एवढेच.

धरण बांधू नये होते, असे आमचे म्हणणे नाही. मडगावच्या आमच्या आप्तांकडे उतरल्यावर प्रथम पाण्याचा तांब्याच पुढे येतो, आणि तो पिऊन कुर्डीच्या नावाने अश्रू ढाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच की, आपण जे पितो ते कोणाच्या अंगणावरून आले, हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावे.

आता खरा पेच. अलीकडे मे महिन्यात कुर्डीला गर्दी होते. पाण्यातून वर आलेले गाव ही नवलाची गोष्ट खरीच, आणि नवल पाहायला माणसे येणारच. कोणी सोमेश्वरापुढे पाठ करून छायाचित्रे काढून घेतो, कोणी कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या जागी डबे उघडून बसतो आणि उठताना कागद तेथेच टाकतो. एखाद्याच्या वर्षश्राद्धाला तिऱ्हाइताने मिष्टान्नाच्या आशेने जाऊन बसावे, तसे हे दिसते. म्हणून आम्हांस असेही कधी वाटते की, साळावली पाहण्याजोगी आहे की नाही हा प्रश्नच उलटा आहे. आपण तेथे जाण्याजोगे आहोत की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आपले न जाणे तेथल्या माणसांना काहीच हानी करणार नाही. आपले जाणे मात्र करू शकते.

तरीही आम्ही जाण्याच्या बाजूनेच कौल देतो. त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांस बोलावले नसते तरी त्यांचे घर त्यांना दिसलेच असते. पण ते दाखवावयास कोणी मिळाले, याचा त्यांना आनंद झालेला आम्ही पाहिला. त्यांच्या नातवंडांना ते घर आणखी किती वर्षे खरे वाटेल, हे सांगता येत नाही. घर ऐकून घेणारा एक माणूस वाढला, तर ते थोडे अधिक टिकते. आणि देवासह घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगण्यातून ठाऊक आहे, त्याने तरी तेथे प्रेक्षक म्हणून उभे राहू नये, एवढी अपेक्षा करता येते.

म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. निव्वळ पाण्याचे वैभव पाहायचे असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जावे. मात्र लहान मुले आणि अतिवृद्ध मंडळी बरोबर असतील तर धरणावर पावसावाऱ्यात त्यांचे हाल होतात हे ध्यानात ठेवावे. कुर्डी पाहायची असेल तर मे महिन्याचा उत्तरार्ध बरा. निघण्यापूर्वी सांग्यास कोणाकडून तरी पाणी उतरले आहे की नाही याची चौकशी करावी, कारण मागचा पाऊस लांबला असेल तर गाव नीटसे वर येत नाही. सकाळी लवकर निघावे, डोक्यावर काही घ्यावे, पिण्याचे पाणी पुरेसे न्यावे, कारण तळ्याच्या त्या उघड्या पात्रात सावलीला झाड म्हणून उरलेले नाही. आणि जाताना आधी धरणाजवळच्या महादेवाचे दर्शन घ्यावे. त्याचे घर पाहायला आपण जात आहोत, तेव्हा यजमानाला आधी भेटणे हीच रीत आहे. दिवस उरला तर पुढे नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे. तळातून अखंड बुडबुडे वर येत असतात, आणि मुले टाळ्या वाजवून ते वाढले की काय हे पाहत बसतात. लहानशी, हिरवी, देवाच्या उंबऱ्याशीच असलेली ती तळी साळावलीनंतर पाहिली म्हणजे मन निवते.

ज्यांच्याजवळ एकच दिवस आहे, आणि घरची म्हातारी माणसे म्हार्दोळला आणखी एक आरती पाहू इच्छितात, त्यांनी साळावलीचा विचार खुशाल सोडावा. म्हातारपणी आरती चुकवून तळे पाहण्यात पुण्य नाही. ज्यांना नुसती सहल हवी आहे त्यांनी कोलव्यालाच जावे. आमचे ज्येष्ठ नातलग म्हणतात तेच त्यांच्या बाबतीत योग्य. उरलेल्यांनी मात्र एक मे महिन्याचा दिवस राखून ठेवावा, आणि पायात सहज काढता येतील अशा वहाणा घालाव्यात.